रॉबर्ट स्मिथ-बॅरी

रॉबर्ट रेमंड स्मिथ-बॅरी (४ एप्रिल, इ.स. १८८६ - इ.स. १९४९) हे ब्रिटिश वैमानिक व वैमानिक-प्रशिक्षण पद्धतीचे प्रवर्तक होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील गोस्पोर्ट येथे त्यांनी विमान शिकवण्याची एक शास्त्रशुद्ध पद्धत घालून दिली. ती 'गोस्पोर्ट पद्धत' या नावाने प्रसिद्ध आहे. शिकाऊ वैमानिकाला धोक्यापासून दूर ठेवण्याऐवजी धोक्यातून सुखरूप बाहेर पडण्याची रीत त्याला शिकवावी, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होते. विद्यार्थी व प्रशिक्षक यांनी विमानात कसे वागावे याविषयीचे जे दंडक आज जगभरातील उड्डाण प्रशालांमध्ये पाळले जातात, त्यांपैकी अनेकांचा उगम गोस्पोर्ट येथे सापडतो.

पूर्वायुष्य

स्मिथ-बॅरी यांचा जन्म सधन अँग्लो-आयरिश जमीनदार घराण्यात झाला. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील फोटा बेट ही या घराण्याची वडिलोपार्जित मालमत्ता होती. रॉबर्ट यांचे शिक्षण ईटन येथे झाले. शिस्तबद्ध चाकोरीपेक्षा यंत्रे आणि वेग यांकडे त्यांचा ओढा अधिक होता.

इ.स. १९११मध्ये सॅलिसबरी पठारावरील लार्कहिल येथील ब्रिस्टल कंपनीच्या प्रशालेत ते विमान चालवण्यास शिकले. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला त्या वेळी जेमतेम आठ वर्षे झाली होती. इ.स. १९१२मध्ये ब्रिटनमध्ये रॉयल फ्लाइंग कोअर हे लष्करी हवाई दल स्थापन झाले आणि त्याच वर्षी अपॅव्हन येथे सेंट्रल फ्लाइंग स्कूल ही प्रशिक्षण संस्था सुरू झाली. स्मिथ-बॅरी हे या संस्थेच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक होते. पुढे ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख झालेले ह्यू ट्रेंचर्ड हेही त्याच काळात तेथे विमानविद्या शिकत होते.

इ.स. १९१४चा अपघात

ऑगस्ट, इ.स. १९१४मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच स्मिथ-बॅरी पाचव्या स्क्वाड्रनबरोबर फ्रान्सला रवाना झाले. १८ ऑगस्ट रोजी पेरोन येथे त्यांचे बी.ई.८ जातीचे विमान कोसळले. त्यांच्यासोबत असलेला कॉर्पोरल या अपघातात मृत्युमुखी पडला. स्मिथ-बॅरी वाचले, परंतु त्यांच्या पायांना गंभीर दुखापत झाली. ते आयुष्यभर लंगडत चालत व काठीचा आधार घेत. शत्रूशी गाठ पडण्यापूर्वीच घडलेल्या अशा अपघातांत त्या पिढीतील अनेक वैमानिक गमवावे लागले. पायांची ही अवस्था असतानाही स्मिथ-बॅरी बरे होताच पुन्हा उड्डाण करू लागले.

साठावी स्क्वाड्रन

इ.स. १९१६च्या वसंत ऋतूत साठावी स्क्वाड्रन गोस्पोर्ट येथे उभी राहिली आणि मे महिन्यात ती फ्रान्सला गेली. स्मिथ-बॅरी तिच्यात एका तुकडीचे प्रमुख होते. या स्क्वाड्रनकडे मोरान-सोल्निए बनावटीची फ्रेंच विमाने होती. ती चालवण्यास अवघड समजली जात. जुलैच्या आरंभी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवसांत, स्क्वाड्रनचे प्रमुख मेजर वॉल्ड्रन मारले गेले व स्मिथ-बॅरी यांच्याकडे नेतृत्व आले. त्या महिन्यात स्क्वाड्रनची इतकी हानी झाली, की ऑगस्टमध्ये तिला काही काळ आघाडीवरून मागे घ्यावे लागले. त्यानंतर तिला न्यूपोर विमाने मिळाली. ब्रिटनचे विख्यात लढाऊ वैमानिक आल्बर्ट बॉल हे याच सुमारास या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले.

इंग्लंडहून नव्याने येणारे तरुण वैमानिक विमान जेमतेम उडवू व उतरवू शकतात, परंतु लढू शकत नाहीत, हे स्मिथ-बॅरी यांनी या काळात जवळून पाहिले. अनेकांच्या नावावर एकट्याने केलेल्या उड्डाणाचे थोडेच तास असत. तीव्र वळण घेणे, विमान मुद्दाम घसरवणे, गिरकीतून सावरणे यांपैकी काहीही त्यांना कोणी दाखवलेले नसे. अशा मुलांना आघाडीवर पाठवणे म्हणजे त्यांना मरणाच्या दारात ढकलणे होय, असे त्यांचे मत झाले. इ.स. १९१६च्या अखेरीस त्यांनी वरिष्ठांना पत्रे लिहून प्रशिक्षणातील दोष दाखवले आणि उपायही सुचवले. ट्रेंचर्ड यांनी या तक्रारीची दखल घेतली. डिसेंबर, इ.स. १९१६मध्ये स्मिथ-बॅरी यांना इंग्लंडला परत बोलावून गोस्पोर्ट येथील पहिल्या राखीव स्क्वाड्रनचे प्रमुखपद देण्यात आले. स्वतःच्या कल्पना प्रत्यक्षात उतरवून दाखवण्याची संधी त्यांना अशा रीतीने मिळाली.

तत्कालीन प्रशिक्षणाची स्थिती

इ.स. १९१६पर्यंत ब्रिटनमध्ये विमान शिकवण्याची सर्वमान्य अशी पद्धत नव्हती. प्रशिक्षणासाठी प्रामुख्याने मोरिस फार्मान बनावटीची संथ विमाने वापरली जात. आघाडीवर थकलेल्या किंवा जखमी झालेल्या वैमानिकांना विश्रांती म्हणून प्रशिक्षकाचे काम दिले जाई. त्यांना शिकवण्याचे कोणतेही शिक्षण मिळालेले नसे आणि अनेकांना ते काम नकोसे वाटे. शिकाऊ विद्यार्थ्यांना हवाई दलाच्या बोलीत 'हूण' म्हणत. हे शत्रूसाठी वापरले जाणारे नाव होते. विद्यार्थी हा प्रशिक्षकाच्या जिवाला शत्रूइतकाच धोकादायक, असा त्यामागील विनोद होता आणि त्यात परस्परांवरील अविश्वासही दिसत होता.

इंजिनाच्या आवाजामुळे हवेत बोलणे ऐकू येत नसे. प्रशिक्षक खांद्यावर थाप मारून, हातवारे करून किंवा ओरडून सूचना देई. विद्यार्थ्याची चूक का झाली हे त्याला जमिनीवर उतरल्यावरच कळे, आणि तेही प्रशिक्षकाने सांगितले तर. एकदा एकट्याने उड्डाण केले, की प्रशिक्षकाबरोबरचे उड्डाण बहुतांशी संपत असे. त्यापुढचे सर्व विद्यार्थ्याने आपल्या अनुभवातून शिकावे, अशी अपेक्षा असे. त्या अनुभवातून जिवंत परतण्याची शाश्वती मात्र नसे.

सुरक्षेचे नियम होते, परंतु ते प्रामुख्याने मनाईचे होते. कसरती करू नयेत, जोराच्या वाऱ्यात उडू नये, वळताना विमान फार कलते करू नये, असे विद्यार्थ्याला बजावले जाई. उड्डाण करताच इंजिन बंद पडल्यास धावपट्टीकडे मागे वळू नये, सरळ समोर उतरावे, हा नियमही त्या काळी परिचित होता. तरीही मागे वळून कोसळण्याचे अपघात होतच राहिले. वेग कमी असताना वळल्यास विमान का कोसळते हे विद्यार्थ्याला ठाऊक नसे. त्यामुळे संकटाच्या क्षणी नियमापेक्षा भीती प्रबळ ठरे.

गिरकीची भीती

त्या काळी वैमानिकांना सर्वाधिक भीती वाटे ती गिरकीची. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर उचलले गेले, की पंखांवरून वाहणारा हवेचा प्रवाह सुटतो आणि पंखांची उचल एकाएकी कमी होते. या अवस्थेला स्टॉल म्हणतात. अशा वेळी एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक खाली गेला, तर विमान स्वतःभोवती फिरत खाली येऊ लागते. जमीन वेगाने जवळ येताना पाहून वैमानिक साहजिकच दांडा आपल्याकडे ओढतो. परंतु त्यामुळे पंख स्टॉलमध्येच राहतात व गिरकी थांबत नाही. सुटकेचा मार्ग नेमका उलट आहे. इंजिनाची शक्ती कमी करायची, गिरकीच्या विरुद्ध दिशेचे रडर द्यायचे आणि दांडा पुढे ढकलायचा.

इ.स. १९१२मध्ये विल्फ्रेड पार्क या नौदल अधिकाऱ्याने लार्कहिल येथे गिरकीतून विमान सावरले होते. इ.स. १९१६मध्ये फ्रँक गुडन यांनी फार्नबरो येथे मुद्दाम गिरकी घेऊन ती थांबवून दाखवली. हे ज्ञान काही मोजक्या वैमानिकांपुरते राहिले होते. ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात आणण्याचे काम गोस्पोर्टने केले.

गोस्पोर्ट पद्धत

गोस्पोर्ट हे गाव हॅम्पशर परगण्यात पोर्ट्समथ बंदराच्या पश्चिमेस आहे. तेथील विमानतळ ग्रेंज व राउनर या एकोणिसाव्या शतकातील किल्ल्यांलगत होता. येथे स्मिथ-बॅरी यांनी प्रशिक्षणाची पुढीलप्रमाणे पुनर्रचना केली.

दुहेरी नियंत्रण: प्रशिक्षणाच्या विमानात दोन्ही आसनांवर संपूर्ण नियंत्रणे असावीत, असा त्यांचा आग्रह होता. विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून वैमानिकाच्या आसनावर बसावे व प्रशिक्षकाने प्रवाशाच्या आसनावर बसावे, असा नियम झाला. पुढे एकट्याने उडताना विद्यार्थ्याला जागा, दृश्य किंवा उपकरणे अनोळखी वाटू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. एकट्याचे पहिले उड्डाण झाल्यानंतरही प्रशिक्षकाबरोबरची उड्डाणे थांबत नसत. एकट्याचा सराव आणि प्रशिक्षकाबरोबरचा पाठ आलटून पालटून चाले. त्यामुळे एकट्याने उडताना जडलेल्या चुकीच्या सवयी वेळीच लक्षात येत.

ॲव्ह्रो ५०४: या पद्धतीसाठी त्यांनी ॲव्ह्रो ५०४-जे हे १०० अश्वशक्तीच्या मोनोसुपाप इंजिनाचे विमान निवडले. हे विमान हलके होते व नियंत्रणांना तत्काळ प्रतिसाद देई. ते विद्यार्थ्याची चूक झाकत नसे, पण चूक सुधारण्यास अवसर देई. संथ विमानावर शिकून एकदम लढाऊ विमानात बसण्याची वेळ आता विद्यार्थ्यावर येत नसे. ॲव्ह्रो ५०४ पुढे अनेक वर्षे ब्रिटनचे प्रमुख प्रशिक्षण विमान राहिले.

बोलण्याची नळी: प्रशिक्षकाच्या तोंडाजवळील नरसाळ्यापासून विद्यार्थ्याच्या शिरस्त्राणातील कानांपर्यंत जाणारी रबरी नळी गोस्पोर्ट येथे वापरात आली. तिला 'गोस्पोर्ट ट्यूब' असे नाव मिळाले. साधन साधेच होते, परंतु त्यामुळे चूक होत असतानाच ती दाखवणे शक्य झाले. ओरडण्याची गरज उरली नाही आणि प्रशिक्षकाचा शांत स्वर हाच शिकवण्याचा एक भाग बनला. पाठाची वाक्ये हवेतील कृतीशी जुळवून बोलण्याची प्रशिक्षकांची परंपराही येथूनच सुरू झाली.

पाठांचा क्रम: प्रत्येक नियंत्रणाचा परिणाम वेगवेगळा समजावून सांगणे, सरळ उड्डाण, स्टॉल, चढण, इंजिन बंद ठेवून उतरंड, वळणे, उड्डाण व अवतरण, मग एकट्याचे पहिले उड्डाण, असा क्रम ठरला. त्यापुढे गिरकी, विमान बाजूला घसरवणे, जमिनीलगतची वळणे, आडव्या वाऱ्यात चढणे-उतरणे व इंजिन बंद पडल्यावर करावे लागणारे सक्तीचे अवतरण हे विषय येत. ज्या गोष्टी पूर्वी निषिद्ध मानल्या जात, त्या आता अनिवार्य पाठ झाल्या. हे सर्व इ.स. १९१७मध्ये प्रशिक्षकांसाठीच्या टिपणांच्या स्वरूपात छापण्यात आले.

विद्यार्थी व प्रशिक्षकांचे आचरण

गोस्पोर्टच्या नियमांत सुरक्षेचा अर्थच बदलला. विद्यार्थी अडचणीत येऊच नये अशी काळजी घेण्यापेक्षा प्रशिक्षकाने त्याला मुद्दाम अडचणीत न्यावे, बाहेर पडण्याची रीत दाखवावी आणि मग तीच कृती त्याने एकट्याने करावी, असा दंडक होता. ज्याला हे धोक्याचे वाटेल त्याने दुसरा व्यवसाय शोधावा, अशी स्मिथ-बॅरी यांची रोखठोक भूमिका होती. युद्धात त्याहून मोठे धोके वाट पाहत असतात आणि तेथे सोबत प्रशिक्षक नसतो, हा त्यांचा युक्तिवाद होता.

ही भूमिका बेफिकिरीची नव्हती. कोणतीही कृती एकट्याने करण्यापूर्वी ती प्रशिक्षकाबरोबर झालेली असणे आवश्यक होते. पूर्वी धाडस आणि बेशिस्त यांच्यातील सीमा विद्यार्थ्याच्या स्वभावावर अवलंबून होती. आता ती सीमा शिक्षणाने ठरू लागली. जी कसरत शिकवली गेली ती सराव ठरे आणि जी शिकवली गेली नव्हती ती अविचार ठरे.

या पद्धतीत प्रशिक्षकावरही मोठी जबाबदारी आली. त्याला स्वतःला प्रत्येक कृती अचूक करता आली पाहिजे, तिचे कारण सांगता आले पाहिजे आणि विद्यार्थ्याच्या हाती नियंत्रण देऊन स्वस्थ बसता आले पाहिजे, अशी अपेक्षा होती. प्रशिक्षकाची भीती विद्यार्थ्यात उतरते, हे स्मिथ-बॅरी यांनी ओळखले होते. उत्तम वैमानिक हा आपोआप उत्तम शिक्षक होत नाही, शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, ही जाणीव हवाई दलात प्रथमच रुजली.

विस्तार

एप्रिल, इ.स. १९१७मध्ये फ्रान्समधील आरासच्या लढाईत ब्रिटिश हवाई दलाने सुमारे २४५ विमाने गमावली. हा महिना 'रक्तरंजित एप्रिल' म्हणून ओळखला जातो. अपुऱ्या प्रशिक्षणाचा प्रश्न यामुळे ऐरणीवर आला. प्रशिक्षण विभागाचे प्रमुख जॉन सामंड यांनी गोस्पोर्टच्या प्रयोगाला पाठबळ दिले. ऑगस्ट, इ.स. १९१७मध्ये तेथे 'स्कूल ऑफ स्पेशल फ्लाइंग' ही प्रशाला स्थापन झाली व स्मिथ-बॅरी तिचे प्रमुख झाले. येथे विद्यार्थ्यांऐवजी प्रामुख्याने प्रशिक्षक घडवले जाऊ लागले. देशभरातील प्रशिक्षक येथे येऊन पद्धत शिकत व आपापल्या तळावर परत जाऊन ती राबवत. इ.स. १९१८मध्ये ब्रिटनच्या इतर भागांतही अशा प्रशाला निघाल्या.

त्याच सुमारास सॉपविथ कॅमल हे नवे लढाऊ विमान वापरात आले होते. त्याच्या फिरत्या इंजिनाच्या परिणामामुळे ते डावीकडे व उजवीकडे वेगळ्या रीतीने वळे, आणि गाफील विद्यार्थ्याला ते सहज गिरकीत नेई. अशा विमानांसाठी गोस्पोर्टचे शिक्षण विशेष उपयोगी ठरले.

कॅनडातील ब्रिटिश प्रशिक्षण केंद्रांमध्ये ही पद्धत टोराँटोजवळील आर्मर हाइट्स येथून पसरली. अमेरिकेच्या हवाई प्रशिक्षणातही तिचा स्वीकार झाला. बोलण्याच्या नळीला अमेरिकी वैमानिक दुसऱ्या महायुद्धापर्यंत 'गोस्पोर्ट' याच नावाने ओळखत.

स्वभाव

स्मिथ-बॅरी हे विक्षिप्त, परंतु लोकप्रिय अधिकारी होते. कार्यालयीन कागदपत्रांची त्यांना मनस्वी नावड होती आणि वरिष्ठांशी मतभेद झाल्यास ते स्पष्टपणे बोलून दाखवत. विमानावर त्यांचे विलक्षण प्रभुत्व होते. जे विद्यार्थ्यांना करण्यास सांगत ते ते स्वतः करून दाखवत. अधू पायांनी काठी टेकत विमानाकडे जाणारा आणि हवेत गेल्यावर सहजतेने विमान खेळवणारा हा अधिकारी प्रशिक्षकांसमोरचा जिवंत आदर्श होता. नियम पाळण्याची फारशी आवड नसलेल्या या माणसाने उड्डाण प्रशिक्षणाला नियमबद्ध केले, हा त्यांच्या चरित्रातील विरोधाभास आहे.

उत्तरायुष्य

प्रशिक्षणातील कामगिरीबद्दल स्मिथ-बॅरी यांना एअर फोर्स क्रॉस हे पदक मिळाले. महायुद्ध संपल्यानंतर ते हवाई दलातून निवृत्त झाले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर वयाची पन्नाशी उलटलेली असतानाही ते पुन्हा हवाई दलात दाखल झाले. इ.स. १९४९मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

युद्धानंतर प्रशिक्षक घडवण्याचे काम सेंट्रल फ्लाइंग स्कूलकडे गेले व गोस्पोर्ट पद्धत हाच तेथील शिक्षणाचा पाया ठरला. ब्रिटिश साम्राज्यातील उड्डाण प्रशिक्षण याच धर्तीवर उभे राहिले. भारतात इ.स. १९२०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या जुहू येथे बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला. तेथील द हॅविलंड मॉथ या दोन आसनी, दुहेरी नियंत्रणाच्या विमानांवर विद्यार्थी शिकत. जे.आर.डी. टाटा यांनी येथेच प्रशिक्षण घेऊन फेब्रुवारी, इ.स. १९२९मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ व जोधपूर येथील प्राथमिक उड्डाण प्रशालांमध्ये भारतीय वैमानिक टायगर मॉथ विमानांवर शिकले. या विमानातही प्रशिक्षकाचा आवाज बोलण्याच्या नळीतूनच विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत असे.

नळीची जागा आता विद्युत संचाने घेतली आहे. मात्र आधी जमिनीवर पाठ समजावणे, मग हवेत दाखवणे, नंतर विद्यार्थ्याकडून करून घेणे आणि शेवटी प्रशिक्षकाच्या परवानगीने एकट्याने करू देणे हा क्रम कायम आहे. भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात प्रशिक्षकाबरोबरची आणि एकट्याची अशी दोन्ही उड्डाणे असतात, आणि विद्यार्थ्याचे एकट्याचे उड्डाण प्रशिक्षकाच्या संमतीनेच होते. महाराष्ट्रात बारामती व गोंदिया येथे शिकणारे विद्यार्थीही स्टॉल ओळखणे, त्यातून सावरणे आणि इंजिन बंद पडल्यास उतरण्याची जागा निवडणे हे पाठ प्रशिक्षकाच्या सोबतीने गिरवतात. हे पाठ प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला मिळालेच पाहिजेत हा आग्रह इ.स. १९१७मध्ये स्मिथ-बॅरी यांनी धरला होता.